पुरात बुडालेलं ऑईल इंजिन चालू होईल का?

गाळपेर · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यात नदीकाठाला आमचं थोडं मळीचं रान आहे. तिथं विहिरीच्या कडेला एक पडकी इंजिनखोली आहे आणि आत आजोबांचं ऑईल इंजिन. ७२ च्या दुष्काळानंतर घेतलेलं. पाटीवरची अक्षरं निम्मी गेलीत, पण किर्लोस्कर, ५ हॉर्सपॉवर, १५०० आरपीएम एवढं वाचता येतं. लाईटची मोटर बसली तेव्हापासून ते पडूनच. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आमची खोली पत्र्यासकट पाण्यात होती. २०२१ ला परत बुडाली.

आज मी आणि भाऊ झाडलोट करायला गेलो. फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे बाजूच्या जड चाकात, पहार घालून बघितली, केसभरसुद्धा हललं नाही. भावानं तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला, तो गुरुवारी टेम्पो घेऊन येतोय. वडील काहीच बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत म्हणूनच मी हा धागा काढतोय.

हे चालू होईल का? मी आजवर गाडीचा प्लग सोडून काही खोललेलं नाही. मला जमेल का?

भडंग · रविवार, रात्री ९.५२

आधी हे सांगा, भंगारवाला किलोला काय देतोय?

नोझलवाला · रविवार, रात्री १०.३०

पहार परत घालू नका. हात जोडून सांगतो.

पुरातल्या इंजिनाचं आणि नुसत्या पडून राहिलेल्या इंजिनाचं दुखणं वेगळं. पडून राहिलेलं गंजतं. पुरातल्याच्या पोटात गाळ असतो. कृष्णेचा गाळ हाताला लोण्यासारखा लागतो, पण त्यात बारीक वाळू असते. तुम्ही जोर लावून ते फिरवलंच, तर ती वाळू मेटलमध्ये (म्हणजे बेअरिंगमध्ये) आणि क्रँकवर (त्यात फिरणाऱ्या दांड्यावर) घासणार. आज हललं नाही हे तुमचं नशीब.

खालचा ऑईलचा बोल्ट काढा. आधी पाणी येईल, कारण पाणी तळाला बसतं, मग काळी बरबट. मग बाजूचं झाकण खोला आणि आत बॅटरी मारून बघा. फोटो टाका. तोवर कशालाही हातोडा लावायचा नाही.

आणि भंगारवाल्याला सांगा, पुढच्या गुरुवारी ये.

हिशेबनीस · सोमवार, सकाळी ७.१५

थोडं कडू बोलतो. ५ हॉर्सचं इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं. लिटर नव्वदच्या वर. तेवढंच पाणी लाईटच्या मोटरवर किंवा सोलरवर कितीला पडतं ते बघा. इंजिन उभं करायला दहा-पंधरा हजार घालणार, आणि मग ते करणार काय? आठवण म्हणून ठेवायचं तर रंग मारून दारात ठेवा, त्याला चालू करायची काय गरज? लोक जुन्या वस्तूंच्या मागं लागतात आणि रानात तण वाढतं.

भडंग · सोमवार, सकाळी ७.२१

हिशेबनीस, तुमच्या घरात आजीचं जातं आहे का भंगारात गेलं?

हिशेबनीस · सोमवार, सकाळी ७.४०

आहे. त्याच्यावर तुळशीची कुंडी आहे. चालवत नाही.

कुंडलरोड · सोमवार, सकाळी ११.०५

पलूसचे म्हणजे तुम्ही आमचेच. इंजिन किर्लोस्करवाडीचं आहे म्हटल्यावर भंगारात घालायचं नाही. १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या माळावर कारखाना काढला तेव्हा तिथं निवडुंगाशिवाय काही नव्हतं. स्टेशनचं नावसुद्धा कुंडल रोड होतं, माझ्या नावात आहे तेच. घराच्या मागं जन्मलेलं इंजिन तुम्ही टेम्पोत घालून देणार?

जरंड्याचा_वारा · सोमवार, दुपारी १२.३०

कुंडलरोड, एक दुरुस्ती. वाडीला पंप होतात. ऑईल इंजिनाची कंपनी वेगळी, ती १९४६ ला पुण्यात खडकीला निघाली. त्यामुळं हे इंजिन रेल्वेनं किंवा ट्रकनं पुण्याहून आलं असणार. घराच्या मागं जन्मला असेल तर त्याचा पंप.

आणि सांगलीकरांनी इंजिनाचा फार टेंभा मिरवू नये. आमच्या साताऱ्याला कूपरची इंजिनं होती. ते धनजीशा कूपर १९३७ ला मुंबई प्रांताच्या हंगामी मंत्रिमंडळाचे प्रमुखही होते. इंजिनवाला माणूस मुख्यमंत्र्याच्या जागेवर बसला, असा दुसरा जिल्हा दाखवा.

कुंडलरोड · सोमवार, दुपारी १२.४४

पंपाचं मान्य. बाकी मुख्यमंत्र्यांची यादी काढायची असेल तर सांगलीवाल्यांशी नादाला लागू नका.

भडंग · सोमवार, दुपारी १२.५०

झालं. आता इंजिन बाजूला, सातारा-सांगली सुरू. गाळपेर, तुम्ही तोवर बोल्ट काढा.

द्राक्षवेल · सोमवार, रात्री ८.२०

माझ्या वडलांचं, म्हणजे दादांचं, तासगावला इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून लिहिते. आमच्याकडं राजकोटची लिस्टर टाईप इंजिनं जास्त यायची, ६५० फेऱ्यांची, दोन बाजूंना दोन मोठी चाकं. त्यांचा ठेका मोजता यायचा. तुमचं १५०० चं आहे, त्याचे ठोके एकमेकांत मिसळतात. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांना एकदा पेटतं, म्हणजे मिनिटाला साडेसातशे ठोके. दादा लांबून आवाज ऐकून सांगायचे, हे सहाशेवरच चाललंय, वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ढिली आहे.

दादा उन्हाळ्यात रात्री विहिरीवर इंजिन लावून बाजेवर झोपायचे. त्या गोंगाटात गाढ झोप, आणि इंजिन बंद पडलं की ताडकन जागे.

गाळपेर, तुम्ही करा. पण हँडल मारायची वेळ येईल तेव्हा आधी इथं विचारा. त्यात लोकांची मनगटं गेलेली मी बघितली आहेत.

मूळचा_विट्याचा · मंगळवार, पहाटे ४.५०

इकडं मिनेसोटात संध्याकाळ आहे, म्हणून वेळ अशी दिसतेय. विषय थोडा सोडून, पण माझी अशीच गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यानं रस्त्याच्या कडेला जुना स्नोब्लोअर ठेवला, वर पाटी 'फुकट न्या'. फुटपाथवरचा बर्फ उडवायचं यंत्र. पुढं चरकासारखी फिरकी बर्फ ओढते, मागचा पंखा तो धुराड्यातून लांब फेकतो. दहा वर्षं गॅरेजच्या मागं पडलेला, टाकीत पेट्रोल तसंच. जुनं पेट्रोल आटून त्याचा डिंक होतो आणि कार्बोरेटरच्या जेटचं केसाएवढं भोक बुजतं. निम्मे बंद स्नोब्लोअर नुसते यामुळं बंद असतात. कार्बोरेटर खोलून धुतला, जेट तांब्याच्या बारीक तारेनं मोकळी केली, नवीन प्लग, नवीन पट्टा. तिसऱ्या दोरीला फुर्रर्र.

मग खरी गंमत. पुढची एक फिरकी फिरेचना. तिला शाफ्टवर धरणारी पिन तुटलेली होती. ती मुद्दाम मऊ धातूची असते. बर्फात दगड किंवा गोठलेला पेपरचा गठ्ठा अडकला की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. मी हुशारी करून तिथं साधा कडक बोल्ट घालणार होतो. शेजारचे म्हातारे गृहस्थ धावत आले.

आणखी एक शिकलो. धुराड्यात बर्फ अडकला तर इंजिन बंद करूनसुद्धा हात घालायचा नाही. आतल्या पट्ट्याला पीळ बसलेला असतो, बर्फ निघाला की फिरकी झटका मारते. मशीनबरोबर एक प्लॅस्टिकचा दांडका येतो तो त्यासाठीच. इकडं दर थंडीत लोकांची बोटं जातात.

गाळपेर, तुमचं डिझेल आहे, त्यात कार्बोरेटर नाही. पण बंद यंत्र खराब झालेलं असतंच असं नाही, कित्येकदा ते नुसतं चोंदलेलं असतं.

भडंग · मंगळवार, सकाळी ८.१०

विट्याला पाण्याचा टँकर, आणि विट्याचा माणूस पाणी दारातून उडवून टाकायचं मशीन दुरुस्त करतोय. काय दिवस आले.

जरंड्याचा_वारा · मंगळवार, सकाळी ८.३५

आमच्या महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या कडेला दवबिंदू गोठले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. तिथं एक ब्लोअर पाठवा, फोटोला तेवढीच शोभा.

पण पिनचं लाख मोलाचं बोललात. रोटाव्हेटरच्या शाफ्टला तसाच बोल्ट असतो. आमच्या चुलतभावाचा तो सारखा तुटायचा. दुकानदारानं सांगितलं, हायटेन्साईल (जास्त कडक) टाका, परत तुटायचा नाही. बोल्ट नाही तुटला. आंब्याच्या मुळीत पातं अडकलं आणि गिअरबॉक्सचं घर चिरलं. बोल्ट आला होता दहा रुपयांना.

गाळपेर · बुधवार, रात्री १०.१५

मंडळी, बोल्ट काढला. नोझलवाले म्हणाले तसंच झालं. आधी तांब्याभर स्वच्छ पाणी, मग दह्यासारखी काळी बरबट. बाजूचं झाकण काढलं तर आत बोटभर गाळ, वाळून भेगाळलेला. वरचं टॅपेटचं झाकण उघडलं तर पालीची अंडी. सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीनं चिखलाची तीन घरटी केलेली, तार घालून फोडली.

मी गाळ चमच्यानं काढला. घरातला चमचा, आईला सांगू नका. मग डिझेल ओतून ब्रशनं धुतलं, तीन वेळा, तिसऱ्यांदा डिझेल बऱ्यापैकी स्वच्छ बाहेर आलं. आता हेड काढलंय. पिस्टन मधोमध अडकलाय, त्याच्या वरच्या लायनरला (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याला) तांबूस गंज. वर डिझेल भरून ठेवलंय.

भाऊ एकदा डोकावून गेला. म्हणाला, 'भंगारात खोललेलं कमी भावानं जातं.'

उसाचा_फड · बुधवार, रात्री १०.४०

डिझेलनं काय होत नाही. गॅसचा बर्नर मारा लायनरवर, लोखंड फुगतं, पिस्टन सुटतो. आमच्या गावात सगळे असंच करतात.

भडंग · बुधवार, रात्री १०.४४

मी ऐकलंय की काळं कोल्ड्रिंक ओततात. उरलं तर प्यायचं.

नोझलवाला · गुरुवार, सकाळी ६.२०

बर्नर नको. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचा. ॲल्युमिनियम जास्त फुगतं, तापवलं की पिस्टन अजून घट्ट होणार. वर तुम्ही डिझेल भरून ठेवलंय आणि हे बर्नर मारा म्हणतायत. खोली पेटेल.

कोल्ड्रिंकनं गंज थोडा सुटतो, पण साखर राहते. मुंग्या येतील.

चार दिवस डिझेल राहू द्या, रोज सकाळी थोडं भरा. मग पिस्टनच्या वरचा लायनर बारीक पॉलिश पेपरनं हातानं घासून घ्या, गंजाचा कठडा राहता कामा नये. बाजूच्या झाकणातून हात घालून कनेक्टिंग रॉडचे दोन नट सोडा, खालची टोपी काढा. टोपीवर आणि रॉडवर खुणा असतात, नसल्या तर पंचानं करा, उलटी बसवायची नाही. आता पिस्टन क्रँकपासून सुटा झाला. खालून बाभळीचा ठोकळा लावून हलके ठोके द्यायचे. हलके म्हणजे खुंटी ठोकताना देतो तेवढे. तरी नाही हलला तर लायनरसकट वर काढा. त्यात लायनर सुटा येतो, तो कायमचा बसवलेला नसतो. टेबलावर घेऊन मग सावकाश सोडवता येतो.

हिशेबनीस · गुरुवार, सकाळी ८.००

आज गुरुवार. टेम्पो आला का?

गाळपेर · गुरुवार, रात्री ९.०५

आला. वडलांनी त्याला चहा पाजला आणि जुने पत्रे दिले. इंजिनाबद्दल विचारलं तर म्हणाले, 'पोरगं बघतंय.'

जरंड्याचा_वारा · शनिवार, दुपारी २.१०

अवांतर: खोलीत सापाचं बघा हो. पुरानंतरच्या इंजिनखोल्या म्हणजे त्यांची लॉज. आमच्याकडं पंपाच्या पेटीत घोणस निघाली होती.

द्राक्षवेल · शनिवार, दुपारी ३.००

हे खरं आहे. हात घालायच्या आधी काठीनं वाजवा, आणि बॅटरी मारल्याशिवाय बाजूच्या झाकणात बोटं नकोत.

गाळपेर · पुढचा मंगळवार, रात्री ११.२०

सुटला!!

सहा दिवस डिझेल. रोज सकाळी कारखान्यावर जायच्या आधी एक चक्कर. ठोकळ्यानं ठोके देऊन हलला नाही, म्हणून लायनरसकट काढायचं ठरवलं. एकट्याला जमेना. भाऊ मोटर चालू करायला आला होता, उभं राहून बघत होता. मग म्हणाला, 'बाजूला सर,' आणि खाली वाकला. लायनर वर आला तेव्हा खाली पाण्याच्या जागेत अजून ओंजळभर गाळ. टेबलावर घेऊन उलटा केला, ठोकळा लावला, तिसऱ्या ठोक्याला टचकन आवाज आला आणि पिस्टन बोटभर सरकला. भावानंच मारला तो ठोका.

वाईट बातमी. लायनरला खड्डे पडलेत, नख फिरवलं की अडकतं. रिंगा खाचेतच गंजून चिकटल्यात. मेटलवर रेघा आहेत, क्रँक मात्र गुळगुळीत दिसतो. इंजेक्शन पंपाचा प्लंजर (आतला दट्ट्या) जाम.

नोझलवाला · बुधवार, सकाळी ६.१०

शाबास. नखाला अडकलं म्हणजे लायनर गेला, तिथं काटकसर नको. लायनर, पिस्टन, रिंगा, पिन असा संच मिळतो, ८० मिलिमीटर बोअरचा मागा. लायनरच्या खालच्या रबर रिंगा नवीन. मेटल नवीन. क्रँक मायक्रोमीटरनं मोजून घ्या, डोळ्यांवर विश्वास नको. हेडचे व्हॉल्व्ह घासून घ्या. पंप आणि नोझल घरी खोलू नका, पंप-नोझलवाल्याकडं टेस्टिंगला द्या. प्लंजर आणि बॅरल जोडीनं घासलेले असतात, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

नोझल टेस्टिंगला लावतील तेव्हा समोर उभे राहा, बघण्यासारखं असतं. चांगलं नोझल चर्र चर्र कुरकुरतं आणि धुक्यासारखा फवारा सोडतं. खराब असलं की लघवी केल्यागत धार. पण त्या फवाऱ्यापुढं बोट धरायचं नाही. दोनशे किलोच्या आसपास दाब असतो, डिझेल कातडीतून आत शिरतं. आमच्या लाईनमधल्या एकाचं बोट कापावं लागलंय.

हिशेबनीस · बुधवार, सकाळी ७.३०

मी म्हटलं होतं.

भडंग · बुधवार, सकाळी ७.३३

हिशेबनीस, तुम्ही धागा सोडून जात मात्र नाही.

गाळपेर · त्यानंतरचा रविवार, रात्री ८.५०

हिशेब देतो, हिशेबनीसांनी मांडून ठेवावा. लायनर-पिस्टनचा संच, मेटल, रबर रिंगा, हेड गॅस्केट, व्हॉल्व्हचं काम, पंप आणि नोझल, ऑईल, सगळं मिळून ११ हजार ४००. त्यात आठशे रुपये मिरजेच्या एका दुकानदारानं चुकीचं गॅस्केट गळ्यात मारलं त्याचे. परत घेतलं नाही.

टाकी खडे घालून हलवून धुतली, डिझेलचा पाईप नवीन, फिल्टर नवीन. सगळं जोडून झालंय. हातानं फ्लायव्हील फिरवलं तर आतून श्वास घेतल्यासारखं वाटतं, वर जाताना दाबतं, खाली येताना सोडतं. शेजारचे दोघं-तिघं नुसतं फिरवून बघायला येऊन गेले.

पुढच्या रविवारी चालू करायचा विचार आहे. द्राक्षवेल, तुम्ही विचारा म्हणाला होता.

द्राक्षवेल · सोमवार, सकाळी १०.००

हँडलवर अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, विरुद्ध बाजूनं मूठ आवळायची नाही. उलटा झटका आला तर हँडल बोटांतून निसटतं. अंगठा आडवा असला की तो घेऊन जातं. हँडलच्या दांड्याला आणि आतल्या खाचेला ग्रीस लावा, म्हणजे इंजिनानं वेग घेतला की हँडल आपोआप सुटतं. ते अडकून फिरायला लागलं तर पळायचं, पकडायला जायचं नाही. साडी, उपरणं, सैल बाही काही नको.

डिकॉम्प्रेशनचा दांडा उचलून ठेवा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि फिरवायला हलकं जातं. जोरात आठ-दहा फेऱ्या, मग दुसऱ्यानं दांडा सोडायचा. हे दोघांचं काम आहे. भावाला बोलवा.

नोझलवाला · सोमवार, सकाळी ११.१५

ताईंनी सगळं सांगितलं. माझं एकच. चालू करायच्या आधी पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) बोटानं मागं-पुढं करून बघा. लोण्यासारखा सरकला पाहिजे. तो फुल डिझेलवर अडकला तर गव्हर्नर काही करू शकत नाही, इंजिन सुटतं. सुटलेलं इंजिन १५०० वर थांबत नाही, फ्लायव्हील फुटेपर्यंत जातं. हवा घ्यायच्या तोंडाएवढी सपाट फळी कापून हाताशी ठेवा. आवाज चढतच गेला तर फळी तोंडावर दाबायची, हवा तुटली की मरतं. हात किंवा फडकं लावायचं नाही, ओढून घेतं.

डिझेलच्या लाईनीतली एअर काढा. फिल्टरचा नट, मग पंपाचा, बुडबुडे थांबेपर्यंत. आणि पाण्याचं कनेक्शन आधी. आनंदाच्या भरात लोक कोरडंच चालवतात.

मूळचा_विट्याचा · रविवार, पहाटे ५.३०

आज ना? आमच्याकडं बर्फ पडतोय. मी जागा आहे.

गाळपेर · रविवार, रात्री ९.१५

सकाळी दहाला सुरुवात. वडील खुर्ची घेऊन बसले, आईनं नारळ आणला. रॅक सरकत होता. फळी मी पायाशी ठेवली होती. भावाकडं हँडल, माझ्याकडं दांडा.

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. आठव्यांदा भावाचा शर्ट घामानं चिकटला आणि तो मला बघून घेतो म्हणाला. मग वडील उठले. नोझलच्या वरचा नट पान्यानं अर्धा आटा ढिला केला आणि हँडल सावकाश फिरवायला लावलं. नटातून नुसता फेस. आम्ही एअर पंपापर्यंतच काढली होती, वरच्या पाईपमधली राहिलीच होती. फेस संपून डिझेल पाझरायला लागलं तेव्हा नट आवळला आणि खुर्चीत जाऊन बसले.

पुढच्या वेळी दांडा सोडला आणि एक ठोका पडला. एकच. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा गोळा निघाला आणि त्याच्याबरोबर कुंभारणीच्या घरट्याचा उरलेला तुकडा आईच्या पायाशी. मग दुसरा ठोका, मग धरलं त्यानं. खिडकीच्या चौकटीवरची माती झडायला लागली. फळी लागली नाही, पण माझा एक हात सारखा तिच्यावर होता.

एक अडचण. इंजिन एका चालीनं चालत नाही. चढतं, उतरतं, चढतं, उतरतं, उचकी लागल्यासारखं. आणि लायनरच्या खालून ऑईलमध्ये पाणी येतंय असा संशय आहे, ऑईल चहासारखं दिसतंय. म्हणून वीस मिनिटांनी बंद केलं.

भडंग · रविवार, रात्री ९.२०

नाद खुळा! व्हिडिओ टाका, नुसतं वर्णन चालणार नाही.

नोझलवाला · रविवार, रात्री ९.५०

वडलांना नमस्कार सांगा. तो नट मी सांगायला विसरलो, चूक माझी.

उचकी म्हणजे गव्हर्नरची जोडणी कुठंतरी घासतेय किंवा स्प्रिंग चुकीच्या भोकात अडकवलीय. सांध्यांना तेल घाला, स्प्रिंगचं भोक बदलून बघा. ऑईल चहासारखं झालं असेल तर परत चालवू नका. खालची रबर रिंग बसवताना चिमटली असणार. लायनर परत काढायचा, रिंगेला साबणाचं पाणी लावून बसवायची, पीळ न पडता. ऑईल टाकून द्या, ते वाचवायला जाऊ नका.

हिशेबनीस · रविवार, रात्री १०.१०

अभिनंदन, मनापासून. पण माझा पहिल्या दिवसाचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. याचं करणार काय?

गाळपेर · रविवार, रात्री १०.४५

खरं सांगू? मला तेव्हा माहीत नव्हतं. आता दोन मतं आहेत. आठवड्याआड रात्रीची लाईट असते तेव्हा जनावरांची वैरण सकाळी कापायला कुट्टीची मोटर चालत नाही, तिथं पट्टा लावून हे जोडायचं, असं वडील म्हणतात. दिवसाला अर्धा तास, म्हणजे अर्धा लिटर डिझेल. भाऊ म्हणतो, उन्हाळ्यात पलूसच्या रस्त्याला रसवंती टाकू, इंजिनाच्या आवाजानंच गिऱ्हाईक थांबेल. कोण म्हणतोय बघा, ज्यानं टेम्पो बोलावला होता तो.

हिशेबनीस · रविवार, रात्री १०.५२

कुट्टीचा हिशेब बसतो. रसवंतीचा बसत नाही, तिथं लाईट असते.

जरंड्याचा_वारा · रविवार, रात्री ११.००

पट्ट्यावर जाळी बसवल्याशिवाय कुट्टी लावू नका. आणि रसवंती झाली तर सातारकरांना आलं-लिंबू फुकट.

मूळचा_विट्याचा · सोमवार, पहाटे ५.१०

व्हिडिओ आला का? मी ब्लोअर काढायच्या आधी बघून जाणार आहे.

गाळपेर · सोमवार, सकाळी ६.४०

आज नाही, लायनर परत काढलाय. रिंग चिमटलेलीच निघाली. नोझलवाले, साबण म्हणजे अंगाचा की भांड्यांचा?

नोझलवाला · सोमवार, सकाळी ६.४५

अंगाचा. आणि तो चमचा आईला परत द्या.